खांद्यावर हात ठेवेपर्यंत

एकवीस वर्षं मी नववीच्या वर्गाला भूकंप शिकवते आहे आणि माझ्या पायाखालची जमीन अजून एकदाही हललेली नाही. आमच्या भागात ती सहसा हलत नाही. कोयनेकडं काही झालं तर बारामतीत एखाद्याच्या मांडणीवरची भांडी वाजतात आणि पुढचे चार दिवस तो माणूस भेटेल त्याला ते सांगत सुटतो, एवढंच. त्यामुळं मुलांना हा पाठ परक्या मुलखातला वाटतो. मुलं ज्वालामुखीची चित्रं रंगवतात, भूकंपनाभी आणि अपिकेंद्र यांची दर परीक्षेत अदलाबदल करतात आणि दहावीला गेली की दोन्ही विसरतात.

मी बारामतीला लागून असलेल्या जळोचीत राहते. शाळा इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याजवळच्या एका गावात. रोज स्कूटीवरून जाते-येते. इतकी वर्षं या रस्त्यावर मी बडबडत गेले आहे, म्हणजे मनातल्या मनात. आज वर्गात काय सांगायचं, कुणाला झापायचं, हेडसरांना कोणत्या शब्दांत नाही म्हणायचं, सगळं मी भवानीनगर यायच्या आत ठरवलेलं असायचं. गेल्या दिवाळीनंतर ते बंद झालं. दिवाळीनंतर पंधराच दिवसांत एके सकाळी माझे मिस्टर घरातच गेले. आजारी नव्हते, काही नव्हतं. त्यानंतर मी गाडी चालवायचे तेव्हा डोक्यात फक्त गाडीचा आवाज असायचा.

मला फार दुःख झालं असं लिहायला पाहिजे, पण ते खरं होणार नाही. मला काहीच झालं नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असून आपला नसतो, तसं सगळं होतं. मी जेवत होते, झोपत होते, पेपर तपासत होते. पुण्याहून मुलगा रोज फोन करायचा, त्याला मी रोज ‘बरी आहे’ म्हणायचे. लोक म्हणाले, बाई खमक्या आहेत. मला ते ऐकून हसूही आलं नाही, एरवी आलं असतं.

शाळेत सगळे माझ्याशी दवाखान्यात बोलतात तसं हळू बोलू लागले. मी शिक्षक-खोलीत शिरले की चाललेला विनोद अर्ध्यावर तुटायचा. सहामाहीचे गुण मी तीन आठवडे उशिरा दिले, हेडसर एका शब्दानं रागावले नाहीत. हेच हेडसर पूर्वी एका दिवसाच्या उशिरावरून माझ्याशी सगळ्यांदेखत भांडले होते, आणि मीही काही कमी पडले नव्हते. आता ते म्हणाले, “राहू द्या बाई, सवडीनं द्या.” मीही राहू दिलं.

तर, भूकंप. दरवर्षी मी हा पाठ परात घेऊन शिकवते. परातीत ओली वाळू भरायची, वाळूत काडेपेट्या उभ्या करायच्या, ही घरं. मग परातीच्या काठावर लाटण्यानं ठोकायचं. कोणतं घर आधी पडतं, वाळूत खोलवर रोवलेलं का उभं राहतं, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. घरांना मुलं नावं देतात. हेडसरांचं घर पडलं की वर्गात जल्लोष होतो, आणि ते आधी पडावं म्हणून मी ते काठाला ठेवते, हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलेलं नाही. यंदा मी परात नेली नाही. फळ्यावर तीन गोल काढले, पुस्तकातलं वाचून दाखवलं, प्रश्न घातले.

दुसऱ्या दिवशी तेवीस नंबर घरून परात घेऊन आली. शेळगावच्या बाजूला वस्तीवर राहणारी ही मुलगी, सायकलच्या कॅरिअरला दोरीनं परात बांधून, पिशवीत वाळू घालून. “बाई, माझी थोरली बहीण तुमच्या हाताखाली शिकलीया. ती म्हनली, भूकंपाला परात लागती. तुमी इसरला असाल म्हनून आनली.” मी ‘बरं’ म्हटलं आणि परात टेबलाखाली ठेवायला सांगितली. चार दिवसांनी ती तिनं परत नेली. त्यावर मला काही वाटायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण कळणं आणि वाटणं यांची त्या दिवसांत गाठच पडत नव्हती.

या मुलीला मी नंबरानं ओळखत होते, हे आता सांगायला लाज वाटते. मी हजेरी नंबरानं घेते. आमच्याकडं सकाळी घरोघरचं दूध डेअरीवर घालायचं काम बरेचदा मुलींकडं असतं. डेअरीवर रांग असते, दुधाची फॅट मोजून होईपर्यंत थांबावं लागतं आणि शाळेची घंटा काही थांबत नाही. तेवीस नंबर आठवड्यातून तीन दिवस तरी दुसऱ्या तासाला यायची. हजेरी कमी पडली की परीक्षेला बसताना कटकट होते, म्हणून तिच्या बाकावरची मैत्रीण तिच्या नंबरालाही ‘हजर, बाई’ म्हणायची. तिला मी जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात आवाजावरून पकडलं होतं आणि सोडून दिलं होतं. मुलगी येते, शिकते, मग रांगेत उभी राहिल्याची शिक्षा तिला का? एवढी मोकळीक मी देते. पूर्वीच्या वर्गांत मी निदान मान वर करून कोण आहे, कोण नाही ते बघायचे आणि मगच खूण करायचे. गेल्या दिवाळीनंतर मान वर करणं राहून गेलं. नंबर म्हणायचा, आवाज आला की खूण करायची.

ऑगस्टमध्ये वरून पत्र आलं, की प्रत्येक शाळेनं भूकंपाची रंगीत तालीम घ्यावी, फोटो आणि अहवाल पाठवावा. भूगोलाची बाई मी, म्हणून काम माझ्याकडं. शनिवार ठरला, सकाळची शाळा. तालीम झाली की तिथूनच सुट्टी.

आदल्या दिवशी मी वर्गाला सगळं समजावलं. घंटा सलग वाजली की बाकाखाली शिरायचं, डोक्यावर दप्तर, बाकाचा पाय घट्ट धरायचा. घंटा थांबली म्हणून लगेच उठायचं नाही. मागे एकदा तालमीत मुलं दाराशी एकमेकांवर कोसळली होती आणि एकाचं मनगट मोडलं होतं, तेव्हापासून माझी एक पद्धत आहे. मी बाकाबाकावरून फिरते आणि खांद्यावर हात ठेवते. हात पडला की त्यानं उठायचं, चालत बाहेर जायचं. हात पडल्याशिवाय कुणीही, काहीही झालं तरी, हलायचं नाही.

तेवीस नंबरनं हात वर केला. “बाई, आन् खरंच भिताड पडलं, मानूस आत ऱ्हायलं, तर?”

मी पुस्तकातलं सांगितलं. ओरडायचं नाही. ओरडलं की तोंडात धूळ जाते आणि आवाजही लवकर संपतो. हाताशी जे कडक लागेल त्यानं ठोकायचं. तीनदा ठोकायचं, थांबायचं, परत तीनदा. बाहेरची माणसं ऐकत असतात.

“आन् न्हाय आयकलं तर?”

“ऐकतात,” मी म्हटलं आणि फळा पुसला.

शनिवारी घंटा झाली. एक्केचाळीस मुलं बाकाखाली गेली, बरीच खिदळत. मी पहिल्या रांगेपासून हात ठेवत निघाले. अर्धा वर्ग झाला असेल, तेवढ्यात हेडसर मोबाइल घेऊन दारात आले. “बाई, आटपा जरा, ग्राउंडवर फोटो घ्यायचाय, ऊन डोळ्यावर येतंय.” मी आटपलं. भराभर हात लावत गेले. खिडकीकडच्या शेवटच्या बाकाजवळ दोन दप्तरं दिसली. एका दप्तराला हात लावला, त्याखालून मुलगी उठली आणि पळाली. दुसरं नुसतंच दप्तर आहे असं मला वाटलं, की काहीच वाटलं नाही, ते आता सांगता येत नाही. मी वळले आणि बाहेर गेले.

ग्राउंडवर रांगा झाल्या. मी हजेरी घेतली. एकवीस, हजर. बावीस, हजर. तेवीस. हजर, बाई. मी खूण केली. त्या मैत्रिणीची यात काडीची चूक नाही. जूनपासून तिच्या तोंडात ते बसलेलं होतं आणि बसवलेलं मी होतं. तिला वाटलं, तेवीस नंबर मागच्या रांगेत असेल. नंतर वाटलं, घरी गेली असेल. तिची स्वतःची वाट उलट्या दिशेची. फोटो झाले, मुलं सुटली, शिपाईमामांनी वर्गांना कुलपं लावली, हेडसरही गेले.

मी शिक्षक-खोलीत अहवाल लिहीत बसले. ही खोली नववीच्या वर्गाला लागून आहे, मधे एक भिंत. अहवालात लिहिलं, ‘सर्व विद्यार्थी तीन मिनिटांत सुरक्षितपणे बाहेर पडले.’ सही केली. मग तशीच बसून राहिले. घरी जायची घाई मला त्या दिवसांत नसायची.

टक, टक, टक. मग थांबायचं. मग परत, टक, टक, टक.

मला ते ऐकू येत होतं. माझं ऐकण्याचं काम व्यवस्थित चालू होतं. मनात आलं, कुणीतरी काहीतरी ठोकतंय. शिपाईमामा खिडकीचा खिळा ठोकत असतील. मामा तर मला समोर व्हरांड्यात तंबाखू मळताना दिसत होते. तरीही मी जागची हलले नाही. आदल्या दिवशी मीच फळ्याशी उभी राहून सांगितलेली खूण, तीन आणि थांब, तीन आणि थांब, भिंतीपलीकडून येत होती आणि मी पेनाचं टोपण लावत होते, काढत होते. पाऊण तास तरी गेला असेल. मग आवाज बंद झाला, तोही मला कळला. बरं झालं, असं वाटलं.

निघताना पर्स धुंडाळली तर स्कूटीची किल्ली नाही. वर्गातल्या टेबलावर राहिली असणार. मामांना कुलूप काढायला लावलं. किल्ली टेबलावरच होती. ती उचलून वळले तेव्हा खिडकीकडच्या शेवटच्या बाकाखाली निळ्या स्कर्टची कड दिसली.

मी वाकले. ती दप्तर डोक्यावर धरून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. एका हातात कंपासपेटी. बाकाच्या लोखंडी पायाचा रंग एका जागी खरवडला गेला होता. तिचा चेहरा कोरडा होता, ओठ मात्र पांढरे पडले होते. ती माझ्याकडं बघत राहिली, पण उठली नाही. ती कशाची वाट बघते आहे, हे कळायला मला वेळ लागला. मग मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तशी ती बाहेर आली आणि उभी राहता राहता परत खाली बसली, पायांना मुंग्या आल्या होत्या.

“अगं, कुलूप लावलं तेव्हा हाक का नाही मारलीस?” मामा तिच्यावरच डाफरले.

“मला वाटलं, ते बी त्यातच हाय,” ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, “बाई, मी समदं बरोबर केलं न्हवं? वरडले न्हाय. ठोकलं.”

“सगळं बरोबर केलंस,” मी म्हटलं. “चुकलं ते माझं.”

तिला पाणी दिलं, ते तिनं एका दमात संपवलं. अहवालातलं ते वाक्य मी खोडलं आणि कागद हेडसरांच्या टेबलावर ठेवला. मग तिला स्कूटीवर मागे बसवलं, सायकल शाळेतच राहू दिली. दोन्ही बाजूंना उभा ऊस, मधे रस्ता. ती मागे माझी साडी न धरता सीटचा दांडा धरून बसली होती. अर्ध्या वाटेवर म्हणाली, “बाई, आईला नगा सांगू. ती लई बोलती.”

तिची आई गोठ्यापुढं कडबाकुट्टी करत होती. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान. मला बघून यंत्र बंद केलं, पदर सावरला. “बाई, तुमी? या, बसा. पानी आन गं.”

“शाळंत जादा तास हुता,” मुलगी घाईनं म्हणाली.

“जादा तास नव्हता,” मी म्हटलं. आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाक, दप्तर, हजेरी, कुलूप. ठोकण्याचा आवाज मला ऐकू येत होता, हेही सांगितलं. ते गाळलं असतं तर तिला कधीच कळलं नसतं. का सांगितलं ते माहीत नाही. मोठं धाडस वगैरे काही नव्हतं, अहवाल वाचावा तसं सांगितलं.

आई ऐकत होती. आधी तिनं मुलीला जवळ ओढलं, तिचे हात उलटे-सुलटे करून बघितले, डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडं बघितलं.

“तुमच्यावर काय बेतलंय ते आमाला ठावं हाय, बाई. आमी बी हळहळलो. पन म्हनून माझी पोर कुलपात घालायची व्हय? येवडी चाळीस पोरं मोजली, आन् येकीचं त्वांड बगितलं न्हाय?”

“नाही बघितलं.”

“ठोकल्यालं आयकू येत हुतं म्हनता. आन् बसून ऱ्हायला?”

“हो.”

“तुमच्या घरातलं कुनी असतं,” ती आता ओरडत होती, शेजारच्या गोठ्यातली बाई बाहेर येऊन उभी राहिली होती, “तुमच्या घरातलं मानूस आतनं ठोकत असतं, तर बसला असता का अशा?”

दिवाळीनंतरच्या त्या सकाळी मिस्टर बाथरूममध्ये दाढी करत होते. मी स्वयंपाकघरात डब्याची पोळी लाटत होते. आतून प्लास्टिकचा मग पडल्याचा आवाज आला. मग दारावर काहीतरी आपटलं, एकदा, आणि थोड्या वेळानं परत एकदा, हळू. मला ऐकू आलं. मी मनात म्हटलं, पाडलं यांनी काहीतरी, पुसतील. शेवटची पोळी तव्यावर होती. ती भाजली, डबा भरला, झाकण लावलं आणि मग गेले. डॉक्टर म्हणाले, लगेच दवाखान्यात आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. दारावरच्या आवाजाचं मी मुलाला सांगितलेलं नव्हतं. कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

“बसले होते,” मी म्हटलं. “माझ्या घरातलंच माणूस होतं. दारावर आवाज आला होता. मी पोळ्या करत बसले होते.”

मला वाटलं, आता हीही आवाज खाली आणणार, बसा म्हणणार, चहा टाकणार. तसं झालं असतं तर मी तशीच गाडीवर बसून जळोचीला गेले असते आणि पुढं सगळं होतं तसंच चाललं असतं. पण तिनं तसं केलं नाही. ती दोन पावलं पुढं आली. रागानं तिचा चेहरा अजून लाल होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, ते माझ्यासाठी होतं की मुलीसाठी, मला ठरवता आलं नाही. मी हातातली किल्ली पर्समध्ये टाकली.

“सोमवारी मी हिला शाळंत धाडू का नगं?” तिनं विचारलं. “तुमीच सांगा. तुमी म्हनाल तसं करते.”

मुलगी तिच्या आडून माझ्याकडं बघत होती. त्या मुलीनं सोमवारी यावं, असं मला वाटलं. कितीतरी महिन्यांनी मला काहीतरी हवं होतं.

“पाठवा,” मी म्हटलं. तिला ते ऐकू गेलं नाही. म्हणून परत म्हटलं, “पाठवा तिला.”